टेकडी गेली, फोटो नाही

आमच्या घराच्या पूर्वेला एक टेकडी होती. तिला नाव नव्हतं, आम्ही तिला नुसती टेकडीच म्हणायचो. मनमाडसारख्या गावात, जिथे नळाला पंधरा-पंधरा दिवसांनी पाणी यायचं, तिथे टेकडीला नाव ठेवायला सवड कुणाला? एका पौषात तिला पहिला सुरुंग लागला. दीड वर्षात तिचा अर्धा भाग खडी होऊन ट्रकमधून निघून गेला. आम्ही सात-आठ जण तक्रार घेऊन एका सरकारी कार्यालयात गेलो. टेबलामागच्या साहेबांनी शांतपणे विचारलं, "आधी तिथे काय होतं, याचा काही पुरावा? फोटो वगैरे?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षं गळ्यात कॅमेरा अडकवून फिरणारा माणूस म्हणून गाव मला ओळखतं. माझ्या हार्ड डिस्कवर लडाखच्या पँगाँग सरोवराचे चारशेच्या वर फोटो होते. नुब्राची वाळू होती, जैसलमेरजवळच्या सम गावचे वाळूचे ढिगारे होते, पौर्णिमेच्या रात्रीचं कच्छचं पांढरं रण होतं. टेकडीचा एकही फोटो नव्हता. लहानपणापासून दात घासताना मी तिच्याआडून सूर्य वर येताना पाहिलेला, आणि माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. तक्रार दप्तरी दाखल झाली. ती आजही तिथेच असेल.

त्या दिवसापासून मला आपल्या निसर्ग-छायाचित्रणाची चीड आहे. आपण डोंगराचे, वाळवंटाचे, थंडीचे फोटो काढायला दोन-दोन हजार किलोमीटर जातो. २००९ साली एका हिंदी सिनेमात पँगाँग दिसलं आणि त्या काठावर आता त्यातल्यासारखी पिवळी स्कूटर भाड्याने मिळते, बसून फोटो काढायला. तिथे रांगेत उभं राहून आपण तोच फोटो काढतो, जो आधीच्या माणसाने काढला. मी स्वतः काढलाय. तो फोटो लडाखच्या कुणाच्याही कामाचा नाही, कारण लडाख काय आहे ते मला चार दिवसांत कळत नाही. माझ्या गावाच्याही कामाचा नाही. फक्त मी तिथे गेलो होतो, एवढंच तो सांगतो.

आणि इथे, घराजवळ काय आहे? मनमाडच्या गच्चीवर उभं राहा. आठ-दहा किलोमीटरवर अनकाई-टनकाईची जोडगोळी, शेजारी हडबीची शेंडी, आभाळाकडे अंगठा उभा केल्यासारखी. पश्चिमेला सातमाळा रांग सुरू होते: चांदवड, राजदेहेर, इंद्राई, कांचना, धोडप, रवळ्या-जवळ्या, मार्कंड्या, सप्तशृंग. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, थंड होत गेला, आणि पावसाने कापून त्याच्या पायऱ्या उरल्या. म्हणून आपले डोंगर हिमालयासारखे टोकदार नाहीत, ते आडवे आहेत. काळ्या कड्याची पट्टी, मग गवताचा उतार, मग पुन्हा काळी पट्टी. धोडपच्या माथ्यावर तर एक भिंत उभी आहे. जमिनीच्या भेगेत लाव्हा शिरून थिजला आणि भोवतालचा खडक झिजून गेल्यावर मागे राहिलेली ती भिंत. तिच्यात मधोमध एक खाच आहे, ती आग्रा रोडवरून धावत्या एसटीतूनही दिसते.

पूर्वेला आणि दक्षिणेला सगळा कोरडा मुलूख. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि त्याच जिल्ह्यात येवला-नांदगावकडे येईपर्यंत त्याच्या कितीतरी पट कमी उरतो. घाटमाथा सगळं पाणी पिऊन घेतो, पर्जन्यछायेत आम्ही. हे वाळवंट नाही. पण वाळवंट पाहायला राजस्थानात जाणाऱ्या माणसाने डिसेंबरात ममदापूरच्या माळावर एकदा तरी उभं राहावं. कुसळी गवत पिकून तांबूस-सोनेरी झालेलं असतं, मध्ये हिवर आणि बोरी, आणि त्यातून काळविटांचा कळप निघतो तेव्हा आधी फक्त शिंगं दिसतात. मध्य आशियातून हिवाळ्यापुरता आलेला माँटेग्यूचा भोवत्या हा पक्षी गवताला पोट लागेल इतक्या खालून उडत असतो. तो हजारो किलोमीटर ओलांडून आपल्या माळावर येतो, आणि आपण त्याच महिन्यात माळाकडे पाठ करून कच्छच्या रणोत्सवाचं तिकीट काढतो.

उजेडाचं तर काय सांगावं! आमच्या अक्षांशावर मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते आणि डोंगर भाकरीसारखा सपाट दिसतो. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी बारा-साडेबारालाही सूर्य जेमतेम शेहेचाळीस अंश वर असतो. माणसाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी पडते. म्हणजे दिवसभर कधीही कॅमेरा उचला, उजेड तिरपाच. कड्याची प्रत्येक घडी, खडकाची प्रत्येक खाच सावलीने कोरून निघते. हिवाळा ही दख्खनच्या डोंगराचा चेहरा दिसण्याची वेळ आहे. आणि आपण सह्याद्रीचे फोटो कधी काढतो? जुलै-ऑगस्टात. हिरवळ, धबधबा, ढग. उरलेले दहा महिने हा डोंगर आपल्या लेखी अस्तित्वातच नसतो. पिवळं गवत आलं की "आता काही राहिलं नाही" म्हणत लेन्सला टोपण लावतात, असे कितीतरी जण मला माहीत आहेत.

हे टोपण लावणं महागात पडतं, ते कसं हे मला त्या कार्यालयात कळलं. हिरवा डोंगर सगळ्यांना प्यारा असतो. पिवळा झाला की तो सरकारी कागदावर "पडीक" होतो. जी जमीन सारा देत नाही ती पडीक, ही इंग्रजांच्या महसूल खात्याची समजूत. ती आपण अजून पाळतो. २०१९ साली देशाच्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघाला, त्यात साडेपाच कोटी हेक्टरांहून अधिक जमीन पडीक ठरली आणि झुडपी माळ हा त्यातला एक ठळक प्रकार. हे मोजमाप उपग्रहावरून झालं आहे. कुणी म्हणेल, मग टेकडीचा पुरावाही उपग्रहाकडे असेलच की. असतो. मीही नंतर काढून पाहिला. वरून पाहिलेली आमची टेकडी म्हणजे एक तपकिरी डाग होता. तपकिरी डागाला पडीक म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही. त्या डागात घोरपडीची बिळं होती, उतारावर ससे होते, गवत होतं, ज्यावर आमच्या गल्लीतल्या तीन घरांच्या शेळ्या जगत होत्या. हे जमिनीवर उभं राहून, माणसाच्या उंचीवरून, हिवाळ्याच्या तिरप्या उजेडात काढलेल्या फोटोतच दिसलं असतं. तो काढणं माझं काम होतं.

असं काम कुणी केलंच नाही असं नाही. अमेरिकेतल्या अॅन्सेल अॅडम्सचं नाव आपल्याकडच्या प्रत्येक कॅमेरावाल्याच्या तोंडी असतं. त्याच्या करड्या रंगाच्या छटांबद्दल तासन्‌तास बोलतात. तो १९१६ साली चौदाव्या वर्षी योसेमिटीला पहिल्यांदा गेला आणि त्यानंतर जन्मभर दरवर्षी तिथेच जात राहिला, हे मात्र कुणी सांगत नाही. त्याच्या राज्यातला, त्याच्या पायाखालचा डोंगर होता तो. १९३८ मध्ये त्याने सिएरा नेवाडाच्या फोटोंचं पुस्तक काढलं, ते वॉशिंग्टनच्या मंत्र्याच्या टेबलावर पोचलं आणि १९४० साली किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यान झालं, त्यात त्या फोटोंचा वाटा होता. त्याचं सगळ्यांत गाजलेलं चित्र, न्यू मेक्सिकोतल्या हर्नान्डेझ गावावरचा चंद्रोदय, १९४१ साली दिवसभर मनासारखं काही न मिळाल्यावर परतीच्या रस्त्यावर मिळालं. प्रकाशमापक सापडेना, तर चंद्र किती उजळ असतो हे त्याला पाठ होतं, त्या हिशोबाने त्याने फोटो घेतला. इतकं पाठ होण्यासाठी एकाच आभाळाखाली किती रात्री काढाव्या लागतात याचा विचार करा. आपल्याला अॅडम्सचा कॅमेरा हवा असतो, त्याचा मुक्काम नको असतो.

नावांचीही तीच कथा. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी गवतावरचं दव गोठलं की दुसऱ्या दिवशी सगळीकडे "महाराष्ट्राचं काश्मीर". एखादी घळ दिसली की "महाराष्ट्राचं ग्रँड कॅन्यन". हडबीच्या शेंडीला नव्या पोरांनी "थम्स अप" करून टाकलं. स्वतःच्या भूमीला दुसऱ्याचं नाव दिल्याशिवाय तिच्याकडे पाहताच येत नाही, ही गुलामी आहे आणि आपण ती हौसेने मिरवतो. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड तालुक्यात गारपीट झाली. ऐन वाढीतल्या द्राक्षबागा झोडपून निघाल्या, वर्षभराचं कर्ज एका संध्याकाळी मातीत गेलं. त्या रात्री माझ्या फोनवर पांढऱ्या झालेल्या बागेचा फोटो आला. खाली लिहिलेलं: "आमचं मिनी काश्मीर". तो पाठवणारा या जिल्ह्यातच जन्मलेला माणूस होता. मी त्याच्याशी तेव्हापासून बोललेलो नाही.

थंडी आमच्याकडे देखावा म्हणून येत नाही. पश्चिमी विक्षोभ उत्तरेकडून सरकून गेला की मागून कोरडे गार वारे उतरतात. त्याआधी मनमाड जंक्शनवर दिल्लीकडच्या गाड्या चार-सहा तास उशिराने यायला लागतात. उत्तरेत धुकं पडलं हे आम्हाला फलाटावर कळतं. निफाडच्या कुंदेवाडीच्या संशोधन केंद्रातला पारा पाच अंशांच्या खाली गेला की तो आकडा सगळ्या महाराष्ट्रात छापून येतो, आणि त्या बातमीसोबत दरवर्षी एकच फोटो असतो: शेकोटीभोवती बसलेली चार माणसं. कुठली शेकोटी, कुठली माणसं, काही नाही. खरी शेकोटी द्राक्षबागेत पेटलेली असते. मण्यांची फुगवण थांबू नये, मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी पहाटे तीनला उठून बागेच्या ओळींत ओला पालापाचोळा पेटवून धूर करतो. विहिरीचं कोमट पाणी ठिबकने सोडतो. थंड हवा जड असते, ती गोदावरीच्या आणि कादवेच्या खोऱ्यात साचते, वर उबदार हवेचं झाकण बसतं. धूर माणसाच्या छातीइतक्या उंचीवर जाऊन आडवा पसरतो आणि तिथेच थांबतो. झुंजुमुंजू होताना बागेवर निळी चादर अंथरल्यासारखी दिसते. इतकं सुंदर आणि इतकं काळजीचं दृश्य मी लडाखात पाहिलेलं नाही.

अशाच एका पहाटे नांदूरमधमेश्वरच्या बाजूला मी धुक्यात तिपाई लावून उभा होतो. बांधावरून एक शेतकरी आला. डोक्याला मफलर, हातात बॅटरी, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. रात्रीची वीज असते ना, म्हणून रात्रभर कांद्याला पाणी भरत होता. मला म्हणाला, "दादा, ह्या धुईचा काय फोटो काढता? आमचं मरण हाये हे. चार दिवस अशी राहिली ना, कांद्याला करपा, बागेला भुरी." मला उत्तर सुचलं नाही. मी त्याला विचारून त्याचा फोटो काढला, बॅटरीच्या उजेडात, मागे धुक्यात बुडालेलं शेत. तो फोटो मी एका स्पर्धेला पाठवला. परीक्षकांचा शेरा आला: "चांगलं धुकं, पण माणसामुळे निसर्गाची शुद्धता बिघडते."

शुद्धता! त्याच स्पर्धेत पहिलं आलेलं चित्र मी भिंतीवर पाहिलं. अनकाईचा किल्ला, खाली हिवाळ्याचं सोनेरी गवत, वर आकाशगंगेचा झगझगीत गाभा. तारीख डिसेंबरची. डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्यच धनू राशीत असतो, आणि आकाशगंगेचा तो तेजस्वी गाभा त्याच दिशेला आहे. म्हणजे तो सूर्याबरोबर उगवतो, सूर्याबरोबर मावळतो. त्या महिन्यात रात्री तो आपल्याकडे कुणालाही दिसू शकत नाही. ते आभाळ दुसऱ्या महिन्यातून उचलून डकवलं होतं. मी हे आयोजकांना लेखी कळवलं. उत्तर आलं नाही. शेतकरी असलेला खरा फोटो अशुद्ध, आणि दुसऱ्या ऋतूचं आभाळ चोरलेला फोटो शुद्ध. आता तर बटण दाबलं की यंत्र हवं ते आभाळ लावून देतं, हवा तो बर्फ पाडतं. अशी चित्रं घरात टांगायची तर टांगा, पण त्यांना या जागेचा फोटो म्हणू नका. जो डोंगर खोट्या आभाळाखाली दाखवला जातो, तो उद्या खरोखर कापला गेला तर त्याच्या बाजूने कोणता फोटो साक्ष देणार आहे?

माळावर मेंढपाळांचे वाडे येतात तेव्हा तर मला काही जणांची शरम वाटते. हिवाळ्यात शेतकऱ्यांच्या रानात मेंढ्या बसवायच्या, लेंडीखताच्या बदल्यात धान्य-पैसे घ्यायचे, घोड्यावर बिऱ्हाड लादून पुढे निघायचं. थकलेला कळप सांजेला बसायला लागलेला असतो आणि गाड्या घेऊन आलेली आठ-दहा जणं म्हाताऱ्याला म्हणतात, "बाबा, मेंढरं परत एकदा पळवा, धूळ उडू द्या." दोनशे रुपये पुढे करतात. गाभण मेंढ्या त्यात असतात. मी हे डोळ्यांनी पाहिलंय आणि त्या दिवशी भांडलोयही. गुंथर सोन्थायमर हा जर्मन अभ्यासक धनगरांच्या मागे वर्षानुवर्षं महाराष्ट्रभर हिंडला, त्यांच्या ओव्या, त्यांचा खंडोबा, त्यांचे रस्ते समजून घेत राहिला. परदेशातून आलेल्या माणसाला जे पाहायला इतकी वर्षं द्यावीशी वाटली, त्यासाठी आपल्याकडे धुळीचे तीन सेकंद आहेत.

माळाचं पुढे काय होणार, हा प्रश्न सोपा नाही, आणि तो सोपा करून मी तुम्हाला फसवणार नाही. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून गायरानांवर सौर पॅनेल येत आहेत. धुक्यात भेटलेल्या त्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळाली तर तो रात्री झोपेल, साप-विंचवाच्या अंधारात पाणी भरायला जाणार नाही. त्याच्यासमोर उभं राहून मी पॅनेलला विरोध करू शकत नाही आणि करणारही नाही. पण कोणत्या गायरानावर पॅनेल यावं आणि कोणतं चराईसाठी, काळविटांसाठी, भोवत्यासाठी राखावं, हे ठरवताना ग्रामसभेत टेबलावर काहीतरी ठेवावं लागतं. आज तिथे एकच कागद असतो आणि त्यावर "पडीक" लिहिलेलं असतं. पुणे जिल्ह्यात वनखात्याने कडबनवाडी आणि शिर्सुफळला गवताळ माळाची सफारी सुरू केली. लोक पैसे देऊन लांडगा आणि चिंकारा पाहायला येतात. त्याच्या आधी कितीतरी वर्षं तिथल्या काही जणांनी हिवाळ्या-हिवाळ्यात माळावर पालथं पडून फोटो काढले होते. पडीक म्हटलेल्या जमिनीवर कोण राहतं, हे दिसलं म्हणून ती डोळ्यांत भरली.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर नवीन काही लागत नाही. हातातला फोन पुरतो. फक्त सावली उजळवणारी त्याची सोय बंद करा, कारण काळ्या कड्याचा काळेपणाच ती पुसून टाकते. पहाटेची निळी गार छटा "दुरुस्त" करून पिवळी करू नका. लांब पल्ल्याची लेन्स असेल तर उत्तम, कारण आपला डोंगर आडवा आहे, रुंद लेन्समध्ये तो क्षितिजावरची मुंगी होतो. आणि धुकं फोनला करडं दिसतं, म्हणून उजेड थोडा वाढवून घ्या. एवढं बास.

आमच्या टेकडीचा पश्चिमेचा उतार अजून शाबूत आहे. खडीच्या मशीनपासून तो दोनशे पावलांवर आहे. गेल्या वर्षीच्या कार्तिकापासून दर रविवारी, सूर्य वर येतो तेव्हा, मी रेल्वेच्या कुंपणाजवळच्या एकाच दगडावर उभा राहून त्याचा फोटो काढतो. मागे तारीख लिहितो, दिशा लिहितो, सातबारावरचा गट नंबर लिहितो. एक प्रत माझ्याकडे, एक नगरपरिषदेच्या फायलीत, तीही पोच घेऊन. तुमच्या घरामागे जो डोंगर आहे, जो माळ आहे, त्याचा तुमच्याकडे किती वर्षांचा फोटो आहे ते आज रात्री शोधून पाहा. नसेल तर या रविवारी पहाटे उठा, लडाख पुढच्या वर्षी करा. गावाचं नाव आणि गट नंबर लिहायला विसरू नका.